यादवराव वकिलांचा पेटीबंद बोलपट

यादवराव वकील, तुमच्यावर अन्याय झाला. एकोणीसशे पंचावन्नच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सौंसरात, तुमच्याच घरच्या अंगणात झाला. तिकडे पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होती. इकडे गल्लीत पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती. आणि तुमच्या अंगणात आम्ही तुमचा बोलपट मारला. पांढुर्ण्याचे लोक दगड मारतात ते निदान समोरून मारतात. आम्ही हात जोडून मारला.

आम्ही म्हणजे कोण, तेही लिहिते. सौंसर-पांढुर्णा मराठी प्रांतात जावं म्हणून जी समिती झाली, ती आम्ही. माझे बाबा, म्हणजे मास्तर, तिचे अध्यक्ष. पत्रकं लिहिणारी मी. फिर्याद लिहावी तर पहिल्या ओळीत कोणावर, कधी, कुठं हे यावं, ही तुमचीच शिकवण. बाकी सारं रडगाणं, असं तुम्ही म्हणायचे. म्हणून रडगाणं मागाहून.

तुमची तेरवी झाली. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात तुम्हाला कलाप्रेमी म्हटलं, ज्येष्ठ म्हटलं, आणि मनमिळाऊ म्हटलं. मनमिळाऊ! मुन्सफ बसलेले असताना त्यांच्या पेशकाराला तुम्ही विचारलं होतं, की साहेबांची झोप झाल्यावर पुकारा कराल, की आधीच. माझ्या बाबांशी तर तुमचं एका पानावर कधी जेवण झालं नसेल असं भांडण चालायचं, आणि तरी दर दिवाळीला तुम्ही आमच्याकडे येऊन चिवडा संपवून जायचे. हे त्या चार ओळींत नव्हतं. ते मी लिहितेय. पण ते लिहिताना मला चांगलं वाटत नाहीये, हे आधीच सांगते. चांगलं वाटावं असं मी काही केलेलं नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती पत्रक घेऊन. नाक्यावरच्या एका कारकुनावर लिहिलं होतं, आणि त्याला मी लाचखाऊ, नराधम आणि जनतेच्या रक्तावर पोसलेली जळू असं सगळं एका वाक्यात म्हटलं होतं. बाबा म्हणाले, छापायच्या आधी वकिलाला दाखव. तुम्ही ओसरीवर खाटेवर पाय वर घेऊन बसला होता, संत्रं सोलत. वाचलं. हसला नाहीत.

“लाच खाताना पाह्यलं तू?”

मी म्हणाले, सगळं गाव म्हणतं.

“मंग गावाले समन्स काढू का?” तुम्ही पेन्सिल काढली आणि माझी जळू खोडली, नराधम खोडला. “हे पाय, पोरी. शिवी अशी द्यावं का वाचणाऱ्याले घाम फुटला पायजे, आन कोर्टात जातो म्हटलं त त्याले कागदात एक शब्द सापडला नाही पायजे.” मग उरलेल्या तीन वाक्यांकडे बोट दाखवून म्हणालात, हे तुझं खरं आहे, हे छाप. त्या तीन वाक्यांनी त्या कारकुनाची बदली झाली. त्या दिवसापासून मी तुमच्या लेखी पत्रकवाली झाले. माझं नाव तुम्ही परत कधी घेतलं नाहीत. “आली का पत्रकवाली? कोणाचं मुंडकं पायजे आज?” असं म्हणूनच तुम्ही फाटक उघडायचे.

तुमच्या आधीच्या आयुष्याबद्दल मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कास्तकाराचे पोरगे, नागपूरला कायदा शिकले, मग मुंबईला गेले आणि सिनेमा कंपन्यांचे करारनामे लिहू लागले. मोठं काम. चांगले कपडे. ते सोडून परत का आलात, असं एकदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की, एका गाणाऱ्या बाईला मी करार वाचून दाखवला, इंग्रजीत, आणि तिनं मान डोलावली, आणि मला कळलं की मान डोलावते ती माझ्या आवाजाला, अर्थाला नाही. एवढंच. सौंसरला आलात आणि इथं ज्यांच्याकडे कुठला वकील ढुंकून पाहत नाही अशांचे खटले घेऊ लागलात. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्याचा परवाना पोलिसांनी अडवला, तुम्ही गेलात. मोहगावच्या राधाबाईची लग्नातली गाणी कोणी तबकडीवर भरून नेली आणि तबकडीवर तिचं नावच घातलं नाही, तुम्ही त्या कंपनीमागे असे लागलात की शेवटी नवी चिठ्ठी छापून चिकटवावी लागली त्यांना. राधाबाईनं ती तबकडी घरात देवाजवळ ठेवली. वाजवायला यंत्र नव्हतं तिच्याकडे. तिला वाजवायची नव्हतीच, नाव पाहायचं होतं, आणि तेही तिला वाचता येत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून वाचून घ्यायची.

गावात तुम्हाला ढोलकीवाल्यांचा वकील म्हणायचे. माझे बाबाही म्हणायचे. चांगले जमिनीचे दावे सोडून हा माणूस नाचणाऱ्यांच्या मागे कशाला लागला, असं. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही म्हणायचे, जमिनीले वकील लय आहेत.

मग तुम्ही स्वतःच बोलपट काढायचं ठरवलंत. कोणत्या कंपनीचा नाही, कोणा शेठजीचा नाही. लोधीखेड्याच्या सोमाजीबुवांची दंडारीची, म्हणजे नाचगाण्याच्या सोंगांची, मंडळी घेऊन, राधाबाईला घेऊन. सोमाजीबुवा दिवाळीत गावोगाव दंडार करायचे, सत्तरीला आले तरी कंबर हलवून बाईचं सोंग घ्यायचे. त्यांच्या मंडळीत एक रीत होती. ढोलकीवर पहिली थाप पडेपर्यंत सोंग ज्याचं त्याचं. म्हणजे तोंडाला रंग लावून झाला, लोक येऊन बसले, तरी थाप पडायच्या आत कोणी म्हणालं की मला माझं सोंग परत द्या, तर द्यायचं. का म्हणून विचारायचं नाही. फक्त एवढं विचारायचं, की कोणी जोर केला का? जोर केला असेल तर परत देणं रद्द, आणि जोर करणाऱ्याला मंडळीत जागा नाही.

मुंबईत करारनामे लिहिलेल्या माणसाला ही रीत ऐकून काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही सोमाजीबुवांच्या अंगणात बाजेवर बसला होता, आणि तुमचा चेहरा एखाद्या पोराला जत्रेत पाळणा दिसावा तसा झाला. परतताना बैलगाडीत तुम्ही सारखे बोलत होता. म्हणालात, एवढं लिहायला मुंबईच्या वकिलांना वीस पानं लागतील आणि तरी ते लिहिणार नाहीत. तुम्ही ती रीत जशीच्या तशी करारात घातली. बोलपट पहिल्यांदा पडद्यावर पडेपर्यंत, ज्याला वाटेल त्यानं आपलं सोंग परत मागावं. आणि तो करार तुम्ही लोधीखेड्याला चावडीसमोर आपल्या बोलीत मोठ्यानं वाचलात. सोमाजीबुवा म्हणाले, “वकीलसाहेब, हे त आमचंच आहे जी. तुमी नवीन काय आनलं?” लोक हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त.

ज्यांनी तो बोलपट पाहिला नाही, म्हणजे सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगते की त्यात काय होतं. मोहगावची एक बाई सौंसरच्या बाजारात बकरी विकायला येते, आणि बकरी सुटते. बस. बकरीच्या मागं ती बाजारभर फिरते. भाजीवाली एक सांगते, न्हावी दुसरं सांगतो, संत्र्यांचा दलाल तिसरंच. कापड दुकानाचे शेठजी घरात हिंदी बोलणारे, ते दुकानात तिच्याशी फर्मास वऱ्हाडीत भांडतात, आणि ती त्यांना हिंदीत उत्तर देते, मुद्दाम, चिडवायला. शेवटी प्रकरण तहसीलदारासमोर जातं आणि अख्खा बाजार साक्षीला उभा राहतो, प्रत्येकाची बकरी वेगळ्या रंगाची. राधाबाई ती बाई. सोमाजीबुवा न्हावी. चित्रण चालू होतं तेव्हा मी दोनदा आले होते. बकरी काही केल्या पळेना. तुम्ही स्वतः, काळा कोट घातलेले, तिच्या मागे टाळ्या वाजवत फिरत होता, आणि राधाबाई ओरडून म्हणाली की साहेब, तिले नोटीस द्या आधी. कॅमेरावाला मुंबईचा, तो हसून हसून खाली बसला.

मुंबईच्या सेन्सॉरनं त्यातला एक शब्द कापला नाही. त्यांना त्यात काही वाईट दिसलं नाही. ते आम्हाला दिसलं.

समितीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा राज्यांची वाटणी करणाऱ्या आयोगाचा निर्णय यायचा होता. आम्ही अर्ज दिले होते, सभा घेतल्या होत्या, घरोघर सह्या घेतल्या होत्या की आम्ही मराठी आहोत, आमचं सगळं मराठी आहे. आणि आता तंबूत एक बोलपट लागणार, ज्यात सौंसरचा भर बाजार अर्धा हिंदीत हसतो आहे. बाबा म्हणाले, हा आपल्याविरुद्धचा पुरावा आहे. दुसरी बाजू हेच म्हणणार, की पाहा, यांचं यांच्यात उत्तम चाललंय, कशाला हलवायचं यांना. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला ते पटलं होतं, कोणी माझा हात धरला नव्हता.

तुम्हाला समजवायला मला पाठवलं. आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही, वकीलसाहेब. मी तुमच्या ओसरीवर उभी राहून म्हणाले की आधी प्रांत मिळू द्या, मग हवे तेवढे बोलपट दाखवा. बाजारातला तेवढा भाग काढा, नाहीतर वर्षभर थांबा. तुम्ही विचारलं, बाजारात लोक तसं बोलत नाहीत का? मी म्हणाले, बोलतात, पण ते आत्ता दाखवायची गरज नाही.

मग म्हणालात, “पत्रकवाली, पुरावा मांडायचा असते. बनवायचा नसते. आपन मराठी आहो हे सांगाले जर आपला बाजार लपवा लागते, त मंग आपन कोनासाठी मांगून राह्यलो हा प्रांत? जे लोक हायेतच नाही, त्याईच्यासाठी?”

मी म्हणाले, तुम्हाला तुमचं नाव पडद्यावर पाहायची घाई झालीय.

हे मी म्हणाले. बोलपटाच्या नामावळीत तुम्ही स्वतःचं नाव शेवटी, बकरीच्या मालकाच्या खाली घातलं होतं, हे मला तेव्हा माहीत होतं. तरी म्हणाले. पत्रकं लिहिणाऱ्याला कुठं टोचायचं ते कळतं. तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलंत.

तुम्ही ऐकत नाही म्हटल्यावर आमच्यातल्याच कोणाला तरी तुमच्या कराराची आठवण झाली. सोंग परत मागता येतं. मग काय, वकिलाला हात लावायची गरजच नाही. मंडळीला सांगायचं. पुरुषांकडे पुरुष गेले. लोधीखेड्याला कोणी सांगितलं की पुढच्या दिवाळीला दंडारीला गावात कोणी बोलावणार नाही. कोणी सांगितलं की भर सभेत नाव घेऊ, प्रांतद्रोही म्हणून. आणि राधाबाईकडे, बाईकडे बाई जावी म्हणून, मी गेले.

राधाबाई चूल सारवत होती. तिच्या पोरीची सोयरीक पांढुर्ण्याला जुळली होती, आणि पोराचा बाप आमच्या समितीत होता. मी तिला धमकी दिली नाही. मला वाटलं, धमकी नाही दिली. मी फक्त म्हणाले की लोकांना हा बोलपट आवडत नाहीये, आणि सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर बरं दिसणार नाही. अगदी गोड बोलले. ती सारवत राहिली. मग तिनं विचारलं, “वकीलसाहेबानं माहं नाव त्या तबकडीवर लावून देल्लं. आता मी त्याले काय सांगू व बाई?”

मी म्हणाले, काहीच सांगायला लागत नाही. कारण ते विचारणारच नाहीत, त्यांचाच नियम आहे.

आणि मग तो दिवस. पोळ्याचा दुसरा. येत्या शनिवारी तंबूत पहिला खेळ होता, जाहिरातीचे कागद तुमच्या ओट्यावर पडले होते. एकेक करून सगळे तुमच्या अंगणात आले. पाऊस नुकताच उघडला होता, चिखल होता. तुमच्या पत्नीला, अनसूयाकाकूंना, वाटलं की मंडळी सणाची आली आहे, त्या करंज्या घेऊन बाहेर आल्या. सोमाजीबुवा पुढं झाले. मान वर न करता म्हणाले, मले माहं सोंग वापस द्या जी.

तुम्ही समजलात. तुम्हाला समजायला वेळ लागला नाही, वकील होता. तुम्ही रीतीप्रमाणे का म्हणून विचारलं नाहीत. एकेकाला एवढंच विचारलंत, की जोर झाला का? आणि एकेकानं सांगितलं, नाही, खुशीनं मागतो. राधाबाई शेवटची. तिच्या तोंडून नाही निघेना. पदराचं टोक मुठीत धरून उभी. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फाटकापाशी होते. मंडळीच्या सोबत आले होते, साक्षीदार म्हणून, म्हणजे नीट पार पडतंय ना ते पाहायला.

“पत्रकवाली,” तुम्ही म्हणालात. “तू सोबत आली यांच्या. तू सांग. जोर झाला का?”

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर तुमच्या करारानं ते परत देणं तिथंच रद्द झालं असतं. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्ही मला वाट काढून दिली होती आणि बाजूला उभे राहिला होता, शाळेतल्या पोराला उत्तर येतं हे माहीत असलेला मास्तर उभा राहतो तसे. मी बाबांचा विचार केला, समितीचा केला, प्रांताचा केला. मी म्हणाले, नाही.

तुम्ही मान हलवलीत. “बरं,” म्हणालात, “दिलं.” सगळ्यांना म्हणालात, दिलं. आणि काकूंना म्हणालात की मंडळी ओली झाली आहे, चहा टाक. सगळ्यांनी तुमच्या ओसरीवर बसून चहा घेतला, वकीलसाहेब. मीही घेतला. कोणाच्या घशाखाली कसा उतरला ते त्यांचं त्यांना ठाऊक, माझ्या उतरला.

त्याच्यानंतर थोड्या दिवसांत आयोगाचा अहवाल आला. विदर्भाच्या जिल्ह्यांत आपली तहसील नव्हती. तुमचा बोलपट कोणी पाहिला नव्हता, ना आयोगानं, ना दुसऱ्या बाजूनं; आणि पाहिला असता तरी त्यांनी नकाशावर रेघ ओढताना एका बकरीकडे पाहून ओढली नसती. हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. आम्हाला आमच्याच लोकांची लाज वाटत होती, आणि तिला आम्ही चळवळ म्हणत होतो. आम्हाला वाटत होतं, की पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांनी हा बाजार पाहिला तर ते म्हणतील, हे आपले? हे असे? तीच भीती होती. बाकी पुरावा वगैरे सगळं त्या भीतीवर घातलेलं धोतर.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, राज्याचं नाव तेच राहिलं, नागपूर तेवढं निघून गेलं. आपण इकडे. राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर. बाबा दिवसभर दार लावून बसले. तुम्ही संध्याकाळी आलात. मला वाटलं, आता बोलाल. तुमचा हक्कच होता, चार शब्द ऐकवायचा. तुम्ही बाबांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, मास्तर, शाळेत मराठी वर्ग चालू ठेवायचा अर्ज उद्याच टाकू, कायद्यानं तो आपला हक्क आहे, मसुदा मी आणलाय. आणि मसुदा माझ्याकडे दिलात. “पत्रकवाली, याच्यात शिव्या घालू नको, मंजूर झाला पायजे.”

तुम्ही सव्वा वर्ष माझी पत्रकं तपासत राहिलात. त्या दुपारनंतरही. त्याबद्दल एकदाही बोलला नाहीत. मी दर वेळी फाटकाशी आले की ठरवून यायची, आज सांगते. तुम्ही म्हणायचे, आली का. आणि मी कागद पुढं करायची. तुमच्या पेन्सिलीनं माझी वाक्यं सरळ होत गेली आणि ते एक वाक्य मी तुम्हाला कधी दिलंच नाही. तुम्ही वाट पाहत होता का? की सोडून दिलं होतं? मी तुम्हाला इतकं ओळखते असं सांगत हिंडते आणि मला एवढं माहीत नाही. तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा मी जामसांवळीला जाऊन आले, मारुतीला नारळ फोडला. तुमच्याकडे आले नाही. जामसांवळी लांब आहे, तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे.

मी तुमची ऋणी आहे, हे म्हणायलाही तोंड नाही. पण ते खरं आहे म्हणून छापते.

आता तेरवीला काय झालं ते ऐका. जेवणं झाली. राधाबाई आली होती, मोहगावहून पायी. पोरीचं लग्न होऊन गेलंय, पांढुर्ण्यालाच, सुखात आहे. ती काकूंपाशी बसली आणि म्हणाली, “माय, मी माहं सोंग परत देतो. लावा तो सिनेमा. माह्या जिवाले लागून राह्यलं.”

काकू तुम्हाला माहीत आहेतच. रडल्या नाहीत, उठून आतली, बोलपटाचे डबे ठेवलेली पेटी दाखवली. म्हणाल्या की यांनी मला सांगून ठेवलंय, जे एकदा परत दिलं ते कोणी दयेनं आणून टाकलं तर घ्यायचं नाही. मेलेल्या माणसाची कीव म्हणून तर मुळीच नाही. करारात आहे तेच चालेल. परत देणं खोटं ठरायचं तर जोर झाला होता हे कळायला हवं, आणि ते ज्यानं जोर केला त्यानंच सांगायला हवं. राधाबाई माझ्याकडे पाहू लागली. मग काकूही. ओसरीवर समितीचे बरेच जण होते, त्यांनी एकदम पानसुपारीचं तबक शोधायला सुरुवात केली.

काकूंनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी ऐकावी. पेटी उघडली की आंबूस वास येतो. मुंबईच्या कॅमेरावाल्यानं त्यांना बजावलं होतं की ही पट्टी आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही, चिकटते आणि मग तिच्यातून काही निघत नाही. सोमाजीबुवांना आता दिसत नाही. गेल्या दिवाळीला ते दंडारीला उभे राहिले नाहीत. त्यांची चाल, त्यांचं बोलणं, राधाबाईचं ते शेठजीशी भांडण, आपला बाजार जसा आहे तसा, हे सगळं त्या डब्यांत आहे आणि दुसरीकडे कुठंही नाही. शाळेतली पाटी बदलेल, कोर्टातली बदललीच. हे एक आहे, तेही आम्हीच कुजवतो आहोत.

म्हणून, वकीलसाहेब, तुम्ही अंगणात जे विचारलं त्याचं उत्तर मी आज छापून देते. जोर झाला होता. राधाबाईवर मी केला. तिच्या पोरीच्या सोयरिकीची भीती घालून केला, आणि तुम्ही विचारलं तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही यातला एकही शब्द खोडणार नाही, याची मला खात्री आहे.

राधाबाईचं सोंग बोलपटाला परत मिळालं. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही.

आता तुम्हाला सांगते, हे पत्रक वाचणाऱ्यांनो. यादवरावांना उद्देशून लिहिलंय म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. लोधीखेड्याला कोण गेलं होतं ते मला माहीत आहे, नावं मी छापत नाही, कारण ती तुम्ही स्वतः घ्यायची आहेत. माझ्या बाबांनीही. तुमच्यापैकी ज्यानं कोणाला दंडार बंद करण्याची, सभेत नाव घेण्याची, पाणी तोडण्याची भीती घातली, त्यानं कुठल्याही बाजाराच्या दिवशी यादवराव वकिलांच्या अंगणात यावं. ज्याला भीती घातली त्याच्यासमोर, अनसूयाकाकूंसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणावं, की जोर मी केला. भाषण नको, हार नको, फोटो नको. उन्हाळ्याच्या आत या.